जुन्या अवजारांची दूरची विक्री आणि भाड्याचें कोडें

हल्लीं जुन्या वस्तूस गिऱ्हाईक मिळविणें जितकें सुलभ झालें आहे, तितकेंच ती वस्तु गिऱ्हाइकाच्या दारीं पोंचविणें अवघड होऊन बसलें आहे, असा अनुभव आपल्या मासिकाच्या पुष्कळ वाचकांस आला असेल. गोठ्यांत पडून असलेल्या यंत्राचें छायाचित्र मोबाईलवर काढावें, विक्रीच्या एखाद्या संकेतस्थळावर टाकावें, आणि दिवस मावळण्याच्या आंत चंदगडापासून चिखलीपर्यंत कोठूनही विचारणा यावी, हा प्रकार आतां नवलाचा राहिलेला नाहीं. पूर्वीं हीच वस्तु विकावयाची तर आठवड्याच्या बाजारीं चार माणसांच्या कानीं घालावी लागे, आणि पंचक्रोशींत गिऱ्हाईक न मिळालें तर ती मुकाट्यानें भंगारांत जाई. वस्तु दाखविण्याचा खर्च जवळजवळ नाहींसा झाला; ती वाहून नेण्याचा खर्च मात्र जागच्या जागीं उभा आहे. घड्याळ, पुस्तक, लुगडें यांची गोष्ट निराळी. तीं पिशवींत मावतात. कडबाकुट्टी, उसाचा चरक, गुळाची काहील, मळणीयंत्र, सागवानी कपाट, झोपाळा यांस पिशवी नाहीं.

प्रस्तुत लेखक महसूल खात्यांत कारकुनी करून निवृत्त झालेला व आतां घरची तीन एकर जमीन पाहणारा एक सामान्य इसम आहे. व्यापाराचा त्यास अनुभव नाहीं. परंतु गेल्या दीड वर्षांत दोन जड वस्तु दूरच्या गांवीं धाडण्याचा प्रसंग आला. एकींत यश आलें, दुसरींत हात पोळले. दोहोंचाही जमाखर्च लिहून ठेवण्याची खोड जुनीच असल्यामुळें कांहीं गोष्टी बांधवांपुढें मांडाव्याशा वाटतात. माझें म्हणणें आधींच सांगून टाकतों. भाडें महाग आहे ही आपली तक्रार अर्धीच खरी आहे. महाग आहे तें एकट्यानें भरावयाचें भाडें.

आमच्या घरीं मोटारीवर चालणारें कडबाकुट्टीचें यंत्र होतें. थोरले बंधु वारल्यावर जनावरें विकावीं लागलीं आणि यंत्र गोठ्यांत धूळ खात पडलें. पातीं धारेचीं, मोटार तीन अश्वशक्तीची व नुकतीच भरून घेतलेली. भंगारवाल्यानें किलोस २५ रुपये भाव सांगितला. यंत्राचें वजन १४० किलो, म्हणजे ३,५०० रुपये होत होते. मीं जाहिरात दिली व किंमत १३,००० लिहिली. तिसऱ्या दिवशीं जालना जिल्ह्यांतील एका तरुणाचा फोन आला. घरीं चार म्हशी, दूध डेअरीला घालतो, आई रोज विळ्यानें कडबा तोडते, आणि नवें यंत्र घेण्याइतका पैसा जवळ नाहीं. “काका, यंत्र पसंत आहे. किंमतीची घासाघीसही करीत नाहीं. पण तें माझ्यापर्यंत येणार कसें, तेवढें सांगा.” मला तें ताबडतोब सांगतां आलें नाहीं. दोन दिवसांची मुदत मागून घेतली.

साताऱ्यांत छोटा हत्ती चालविणारा एक ओळखीचा गृहस्थ आहे. त्यास विचारलें, त्यानें १६,००० सांगितले. हा आपणांस लुबाडतो आहे असें मला वाटलें व तसें मीं बोलूनही दाखविलें. तो रागावला नाहीं. म्हणाला, “भाऊसाहेब, जालना येथून चारशें किलोमीटर. येतांना मी रिकामाच येणार. आठशें किलोमीटरचें डिझेल, दोन्ही वेळचा टोल, आणि माझे दोन दिवस. तुम्हीच आकडा मांडा.” मीं मांडला, त्याचा हिशेब चुकीचा नव्हता. टाटा एस ही गाडी २००५ साली रस्त्यावर आली व तिलाच लोकांनीं छोटा हत्ती असें नांव दिलें. सुमारें पाऊण टन माल ती नेते. म्हणजे जातांना पाऊण टन व येतांना पाऊण टन मिळून दीड टन जागेचें भाडें मी भरणार, आणि त्या जागेंत माझा माल दहाव्या हिश्शाहूनही कमी. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला तो हाच.

नंतर कुरियरच्या कचेरींत गेलों. तेथील गणित आणखी निराळें निघालें. वजन किती हें विचारण्याआधीं त्यांनीं लांबी, रुंदी, उंची विचारली. ही गोष्ट आपल्या लोकांस ठाऊक असणें फार अगत्याचें आहे म्हणून थोडी विस्तारानें सांगतों. गाडींतील जागा दोन प्रकारांनीं भरते, भारानें आणि आकारानें. कापसाचा बोजा हलका असला तरी दुसऱ्याच्या मालाची जागा अडवितोच. म्हणून वाहतूकदार आकारावरून एक मानीव वजन काढतात. सेंटिमीटरमधील लांबी, रुंदी व उंची यांचा गुणाकार करून त्यास ठराविक अंकानें भागतात. पुष्कळ कुरियर कंपन्या ५,००० नें भागतात, कांहींचा अंक वेगळा असतो. काट्यावरचें वजन व हें मानीव वजन यांपैकीं जें जास्त भरेल त्यावर आकार. आमचें यंत्र उभें होतें तसें मोजलें तर १२० लांब, ७५ रुंद व १३० उंच. गुणाकार ११,७०,०००, भागिलें ५,०००, उत्तर २३४ किलो. म्हणजे काट्यावर १४० किलो असणाऱ्या यंत्राचें भाडें २३४ किलोंप्रमाणें. जास्तीचे ९४ किलो म्हणजे निव्वळ हवा. ती आम्हीं पैसे देऊन जालन्यास धाडणार होतों!

त्या रात्रीं मीं यंत्राभोंवतीं टेप घेऊन पुष्कळ वेळ हिंडलों. दुसऱ्या दिवशीं गांवांतील फिटरास बोलाविलें. त्यानें मोठें चाक उतरविलें, पातीं काढून गोणपाटांत गुंडाळलीं, कडबा सारावयाची पन्हळ व खालचा सांगाडा सुटा केला, मोटार वेगळी बांधली. चार नग झाले. चाकाचें माप ९० गुणिलें ९० गुणिलें १२, धडाचें ७५ गुणिलें ५० गुणिलें ६०, पन्हळ व सांगाडा मिळून १०० गुणिलें ४० गुणिलें २५, मोटारीचें ४० गुणिलें २५ गुणिलें २८. साऱ्यांची बेरीज ४,५०,२०० म्हणजे मानीव वजन अवघें ९० किलो. आतां काट्यावरचें वजनच जास्त ठरलें व आकारणी १४० किलोंवर आली. पान्याच्या दोन तासांच्या कामानें ९४ किलो हवा कमी झाली. प्रत्येक बोल्टास चिठ्ठी बांधून तो कोठला हें लिहून ठेवलें व खोलतांना मोबाईलवर छायाचित्रें घेतलीं. हें काम कंटाळवाणें वाटलें तरी टाळूं नये, कारण पलीकडच्या माणसास यंत्र पुन्हां जोडावयाचें असतें.

हे चार नग घेऊन मी साताऱ्यास एका वाहतूकदाराच्या गोदामांत गेलों. अशीं गोदामें प्रत्येक जिल्ह्याच्या गांवीं असतात, परंतु शेतकऱ्याची पायधूळ तेथें क्वचितच झडते. तीं दुकानदारांचीं असें आपण धरून चालतों. तेथें संबंध गाडी करावी लागत नाहीं. वीस जणांचा माल एका ट्रकांत भरतात, मध्यें पुण्यास उतरवून दिशेप्रमाणें पुन्हां भरतात आणि शेवटच्या गांवच्या गोदामांत पोंचवितात. मुनीमजींनीं किलोस ८ रुपये दर सांगितला. भाडें १,१२०, बिल्टीचे ५०, हमाली १००, एकूण १,२७०. आमच्या गांवाहून साताऱ्यास नग नेण्यास शेजाऱ्यांच्या पिकअपला ३०० दिले. ते खताचीं पोतीं आणावयास रिकामेच निघाले होते. फिटरास ४००, गोणपाट व दोरी १३०. सर्व मिळून २,१००. सोळा हजारांचें काम एकवीसशेंत झालें. त्या तरुणानें जालन्याच्या गोदामांतून नग उचलले व दूध घालून परतणाऱ्या गाडींतून घरीं नेले. आठ दिवस लागले हें कबूल केलें पाहिजे. नवव्या दिवशीं त्यानें यंत्र चालतांनाची चित्रफीत धाडली. तींत त्याची आई मागें उभी राहून कुट्टीचा ढीग पायानें सारीत होती.

इतकें स्वस्त कसें, हें मीं मुनीमजींस विचारलें होतें. ते म्हणाले, “जालन्याच्या कारखान्यांतून सळई भरून गाड्या पुण्याकडे येतात. परततांना त्यांना मिळेल तो माल हवा असतो. तुम्ही कोल्हापूर सांगितलें असतें तर दर निराळा पडला असता.” येथें एक गोष्ट मनांत आल्यावांचून राहिली नाहीं. जालन्यांतील त्या कारखान्यांच्या भट्ट्यांत भंगार वितळवून लोखंड होतें. मीं भंगारवाल्याचे साडेतीन हजार घेतले असते तर कदाचित् तेंच यंत्र त्याच जालन्यास गेलें असतें, पण भट्टींत पडण्यासाठीं.

मुनीमजींच्या त्या एका वाक्यांत सगळें मर्म आहे. प्रत्येक गांवास मालाची एक भरती दिशा असते व एक रिकामी दिशा असते. आपल्या भागांतून रात्रीं भाजीपाला भरून गाड्या वाशीच्या बाजारास जातात. पहाटे माल उतरतो आणि त्यांपैकीं पुष्कळ गाड्या सकाळीं रिकाम्या परत फिरतात. चालकास परतीचें डिझेल कोठून तरी भरून काढावयाचें असतें. तें तो जातांनाच्या भाड्यांतच धरतो, म्हणजे आपल्याच टोमॅटोवर बसवितो. त्या परतीच्या पोकळींत कोणी दोनशें किलोंचें कपाट किंवा गिरणीचें जातें टाकलें तर चालकास मिळालेला प्रत्येक रुपया नफ्याचा असतो, आणि माल पाठविणारास निम्म्याहून कमींत काम होतें. म्हणून मुंबई-ठाण्याहून इकडे कांहीं आणावयाचें असेल तर तें सकाळच्या परतीच्या गाडीनें आणावें, आणि इकडून तिकडे धाडावयाचें असेल तर ऐन हंगामांत धाडूं नये, हें उघड आहे. ज्यास थांबण्याची तयारी आहे त्यास भाडें कमी पडतें. शहरांतील विक्रेता थांबूं शकत नाहीं, कारण त्याच्या घरांत जागा नाहीं. शेतकऱ्याच्या गोठ्यांत वस्तु महिनाभर पडून राहिली तरी बिघडत नाहीं. थांबण्याची ही सोय शहरवाल्याजवळ नाहीं, पण आपण ती वापरीत नाहीं.

इतर मार्गांविषयीं थोडक्यांत लिहितों. टपालखात्याचें पार्सल पस्तीस किलोंच्या आंतील वस्तूंस चांगलें. सुटे भाग, लहान पंप, पातीं यांसाठीं त्याचा विचार अवश्य करावा. राज्य परिवहन महामंडळानें मे २०२० मध्यें टाळेबंदीच्या काळांत मालवाहतूक सुरू केली व पुढें ती महाकार्गो या नांवानें ओळखली गेली. आपल्या आगारांत ती सोय मिळते कीं नाहीं याची चौकशी करून घ्यावी. रेल्वेचें पार्सल लांबच्या पल्ल्यास परवडतें, परंतु दोन्ही टोकांस स्थानकापर्यंत नेण्या-आणण्याचा खर्च वेगळा, आणि वेळेवर सोडवून न नेल्यास गोदामाचें भाडें चढतें. पेट्रोलवर चालणारें फवारणीयंत्र किंवा इंजिन रेल्वेनें धाडावयाचें असेल तर टांकी पूर्ण रिकामी करावी लागते. मोटारसायकलीसही हाच नियम आहे. रेल्वेनेंच ७ ऑगस्ट २०२० रोजीं देवळालीहून दानापूरला पहिली किसान रेल्वे सोडली. तींत माल किती असावा याची किमान अट नव्हती. पांच पेट्या डाळिंबें असलेल्या शेतकऱ्यासही डब्यांत जागा मिळूं शकत होती. पुष्कळांचा थोडा थोडा माल एकत्र करणें हीच त्या योजनेची युक्ति होती. फळांस जें लागू तें कडबाकुट्टीस लागू कां नसावें?

आतां हात पोळल्याची हकीकत. आमच्या भगिनीच्या सासरच्या वाड्याची वाटणी झाली व सागवानी झोपाळा तिच्या वाट्यास आला. नव्या दोन खोल्यांत तो टांगण्यास जागा नव्हती. पहिल्या अनुभवानें मला थोडा गर्व झाला होता. “ताई, मी विकून देतों, काळजी करूं नकोस,” असें मीं सांगितलें. नागपूरच्या एका सद्गृहस्थांनीं २२,००० रुपयांस तो घेतला व पैसे आगाऊ पाठविले. पुण्याच्या एका वाहतूकदाराकडे मीं तो नोंदविला. भाडें ९५० ठरलें. तेथील कारकुनानें मान वर न करतां विचारलें, “मालाची किंमत काय टाकूं?” किंमत जास्त टाकली तर आकारही जास्त पडेल अशा कोत्या बुद्धीनें मीं म्हणालों, “टाका पांच हजार.” त्यानें टाकले, मीं सही केली. सही करण्यापूर्वीं वाचा, असें पक्षकारांस आयुष्यभर सांगत आलेल्या माणसानें ही सही केली आहे हें ध्यानांत घ्यावें.

झोपाळा नागपुरास पोंचला तो फळी उभी चिरलेली आणि एक पितळी कडी नाहींशी झालेली अशा स्थितींत. ताईचें माहेरवाशीण म्हणून नव्हे तर सून म्हणून त्या झोपाळ्यावर आयुष्य गेलें होतें. ती पैशांविषयीं एक शब्दही बोलली नाहीं, फळी कशी चिरली एवढेंच दोनदां विचारलें. त्या नागपूरकर गृहस्थांस आम्हीं १२,००० परत केले. मग मीं कायदा वाचावयास बसलों, जें आधीं करावयास हवें होतें.

१८६५ सालचा जुना वाहकांचा कायदा जाऊन त्या जागीं रस्तामार्गानें होणाऱ्या मालवाहतुकीचा २००७ चा कायदा आला, व त्याखालील नियम २०११ चे आहेत. त्यांप्रमाणें माल हरवला किंवा मोडला तर सामान्यतः वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहा पटींपर्यंत, आणि तीही पाठवणीच्या कागदावर लिहिलेल्या किंमतीच्या वर नाहीं. माझें भाडें ९५०. दहा पट ९,५००. परंतु किंमत मींच ५,००० लिहून दिलेली! म्हणजे साडेचार हजारांचा हक्क माझ्याच तोंडानें मीं सोडून दिला होता. जास्त जोखमीचा वेगळा दर लेखी कबूल करून भरला असता तर ही मर्यादाही आड आली नसती. दुसरें कलम असें कीं दावा लावण्यापूर्वीं लेखी नोटीस द्यावी लागते, व ती माल नोंदविल्याच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आंत. ही मुदत माल मोडल्याचें कळल्यापासून मोजूं नये. येथें पुष्कळ फसतात. मीं नोटीस पोंचपावतीसह टपालानें दिली. चार महिने पत्रव्यवहार झाला आणि शेवटीं ३,००० वर तडजोड करून मीं कागद मिटविले. वाहतूकदाराचा अपराध होताच, परंतु त्यास कायद्यानें पकडावयाची दोरी मींच आंखूड कापली होती.

तेव्हां बिल्टीवर पांच गोष्टी स्वतः पाहाव्या : खरी किंमत, नगांची संख्या, वजन, भाडें आधीं भरलेलें कीं पोंचल्यावर भरावयाचें (त्यांच्या भाषेंत पेड कीं टु पे), आणि माल गोदामापर्यंत कीं घरपोंच. या शेवटच्या गोष्टीवरून तंटे फार होतात. घेणारानेंही नग सोडवितांना पावतीवर सही करण्यापूर्वीं माल उघडून पाहावा व मोडतोड असेल तर तेथेंच लिहावें. सरकारी कागदाविषयीं एवढेंच कीं राज्यांतल्या राज्यांत एक लाखाहून जास्त व परराज्यांत सामान्यतः पन्नास हजारांहून जास्त किंमतीचा माल असेल तर ई-वे बिलाचा प्रश्न येतो. वापरलेलें घरगुती सामान त्यांतून वगळलें आहे. आपला बहुतेक माल या मर्यादेच्या आंतच असतो, तरी ट्रॅक्टरसारखी वस्तु असली तर गोदामांत आधीं विचारावें.

जाहिरातीविषयीं एक सूचना. किंमत लिहितांना भाड्याचा प्रश्न नंतर पाहूं असें म्हणूं नये. वजन, सुटे केल्यावरचीं मापें, नग किती होतील, आणि जवळचें वाहतूक गोदाम कोणत्या गांवीं, एवढें जाहिरातींतच लिहावें. मग विचारणारेही शहाणे येतात. न येणारेही कांहीं येतात : आपण सैन्यांत आहों, गाडी आमचीच येईल, भाड्याची रक्कम परत मिळेल, तुम्ही फक्त हा कोड स्कॅन करा, असें सांगणारे. पैसे घेण्यासाठीं पिन कधींही घालावी लागत नाहीं. पिन घातली कीं पैसे जातात. आमच्या गांवच्या एका शिक्षकांस हा धडा पुरेसा महाग पडला आहे.

आतां संस्थेस माझी विनंती. आपल्या सभासदांपैकीं किती जणांच्या गाड्या आठवड्यांतून वाशीस, पुण्याच्या मार्केट यार्डांत, कोल्हापुरास जातात व किती रिकाम्या येतात याची नोंद कोठेंही नाहीं. शेजाऱ्याची पिकअप रिकामी साताऱ्यास निघाली हें मला केवळ ओट्यावर बसलों होतों म्हणून कळलें. संस्थेच्या कचेरींत एक वही ठेवावी. तींत गाडीवाल्यानें तारीख, कोठून कोठें, कोणती फेरी रिकामी, व जागा किती हें लिहावें. त्याच वहीच्या उलट बाजूनें ज्यास माल धाडावयाचा किंवा आणावयाचा आहे त्यानें वस्तु, वजन, माप व ठिकाण लिहावें. शनिवारीं कोणीतरी दोन्ही बाजूंची रुजवात घ्यावी. माझा जन्म रजिस्टरांत गेला, म्हणून मला प्रत्येक दुखण्यावर वहीच सुचते असें कोणी म्हणेल. म्हणूं द्या.

यावर दोन आक्षेप मीं ऐकले. एक असा कीं माल मोडला तर संस्था जबाबदार धरली जाईल. या आक्षेपांत तथ्य आहे, आणि म्हणूनच संस्थेनें भाडें घेऊं नये, पावती फाडूं नये, माल आपल्या ताब्यांत घेऊं नये. दुसऱ्याचा माल भाड्यानें वाहण्याचा धंदा करावयाचा तर त्या २००७ च्या कायद्याखालीं वाहक म्हणून नोंदणी लागते. तो आपला मार्ग नव्हे. संस्थेनें बातमी द्यावी, काटा व टेप वापरूं द्यावा, आणि दोघांनीं आपसांत ठरवावें. गाडी मात्र भाड्याच्या परवान्याची, पिवळ्या पाटीची असावी. शेतीसाठीं नोंदविलेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलींत दुसऱ्याचा माल भाड्यानें नेला आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करील.

दुसरा आक्षेप असा कीं असल्या जुन्यापुराण्या लोखंडासाठीं एवढी यातायात कशास? हा आक्षेप घेणारांच्या गोठ्यांत मीं स्वतः डोकावून आलों आहें. दोन सारायंत्रें, एक पेरणीयंत्र, एक न चालणारें पण दुरुस्त होणारें इंजिन. हीं विकत घेतलीं तेव्हां कर्ज काढलें होतें. मराठवाड्यांत, विदर्भांत तेंच अवजार वापरणारा कोणी बांधव आज दुप्पट-तिप्पट पैसे मोजून नवें घेत आहे, किंवा घेतच नाहीं आणि घरच्या बाईच्या हाताला घट्टे पाडीत आहे. मधलें अंतर चारशें किलोमीटरांचें आहे खरें, पण त्या रस्त्यानें रोज रिकाम्या गाड्या जातात.

चिटणिसांच्या परवानगीनें मीं अशी एक वही गेल्या महिन्यांत आणून ठेवली आहे. आजपावेतों गाड्यांच्या बाजूस अकरा नोंदी झाल्या, मालाच्या बाजूस चार. त्यांतील एक जुळली. वाशीहून परतणाऱ्या गाडीनें एका सभासदांच्या मुलीचें लोखंडी कपाट व शिलाईयंत्र ५०० रुपयांत आलें. दर शनिवारीं दुपारीं चार ते सहा मी कचेरींत बसतों. वही टेबलावरच असते; पेन दोऱ्यानें बांधलें आहे, कारण पहिलें दोन दिवसांत नाहींसें झालें.